अकराच्या टपालाने आलेले पत्र

मी, लव्हिनिया मेरी ब्रॉकेट, वय एकोणसत्तर, अविवाहित, पूर्वी लंडनच्या ऑर्फियन थिएटरात प्रॉम्प्टर, हल्ली राहणार सतरा, कोबर्ग टेरेस, मार्गेट, असे लिहून ठेवते की आज बुधवार, ६ ऑक्टोबर १९३७ रोजी माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने लिहीत नाही. धाक घालणारे बहुतेक मेले. लाडीगोडी लावणारा एक उरला आहे, त्याचे नाव पुढे येईल.

याआधीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. तिन्हींमध्ये मी एक गोष्ट लिहायची टाळली. या खेपेला ती कलम आठमध्ये लिहिणार आहे. लिहून झाले की, सही करण्याआधी, हा सगळा कागद मी बेसी टॉपली हिला वाचून दाखवणार आहे. बेसी अठ्ठावीस वर्षे माझ्याबरोबर राहते. या घडीला ती स्वयंपाकघरात मासे साफ करते आहे आणि मांजरीशी भांडते आहे. कलम आठ ऐकल्यावर ती या घरात राहील की नाही हे मला माहीत नाही. मरणाची मला भीती नाही, याची आहे.

कलम १. माझ्या मागे या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील मि. हॅडफील्ड यांनी करावी. मृत्युपत्रात भावना लिहू नयेत, असे त्यांनी मला बजावले आहे. मी विचारले, मग लिहायचे काय, कपबशांची यादी? ते म्हणाले, हो. कपबशा सोळा आहेत, त्यांतल्या चार तडकलेल्या आहेत. झाली त्यांची यादी.

कलम २. मला मार्गेटलाच पुरावे. माझी बहीण कॉन्स्टन्स हिच्या शेजारी लंडनच्या दफनभूमीत मी एक जागा घेऊन ठेवली होती, ती मी परत केली आहे. भजने नकोत. पाद्रीबुवांनी माझ्याबद्दल चांगले बोलू नये. त्यांना माझी माहिती नाही.

कलम ३. हे राहते घर, त्यातले सामान आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते सर्व मी बेसी टॉपली हिला देते. हे घर आम्ही दोघींनी मिळून चालवले. दौऱ्यावरचे नट इथे उतरत, अंड्यांवरून कटकट करत, आणि जाताना टॉवेल चोरून नेत. बेसीने एका विनोदी नटाला टॉवेलसकट जिन्यावरून खाली ढकलले होते. त्याचा खांदा निखळला, आणि त्या दिवसापासून टॉवेल जायचे थांबले.

कलम ४. नाटककार अँब्रोज थिसलटन यांनी सन १८९६ पासून १९३४ साली वारेपर्यंत मला लिहिलेली सहाशे अकरा खासगी पत्रे माझ्या पलंगाखाली, नाटकाचे कपडे ठेवायच्या वेताच्या टोपलीत आहेत. वर कापूर टाकला आहे.

थिसलटनची नाटके सभ्य होती. त्यांत बायका हातमोजे न काढता रडायच्या. पत्रे तशी नाहीत. रंगमंचावर जे त्याला लिहिता येत नसे ते तो मला लिहायचा, आणि मला ते वाचताना हसू आवरत नसे, हे खरे सांगते. दोन नाटककार एका कथानकाच्या चोरीवरून भर हॉटेलात एकमेकांवर तुटून पडले आणि एकाचा दात दुसऱ्याच्या कालवांच्या बशीत सापडला, ते पत्र पंचेचाळीसावे. गॅलरीतल्या लोकांनी तांब्याची नाणी फेकून नायकाचे कपाळ फोडले आणि थिएटरच्या मालकांनी त्याला रक्त पुसू न देता तिसरा अंक करायला लावला, कारण दिव्यात ते रक्त छान दिसत होते, ते पत्र एकशे दुसरे. एका नटीने दुसरीच्या कानाचा लचका तोडला आणि दोघी रात्री एकाच जेवणाला हजर होत्या, ते कुठले हे आता आठवत नाही. ज्या जगाची लोक फुले आणि टाळ्या एवढीच आठवण काढतात, ते जग असे होते. मी त्यात तेवीस वर्षे विंगेत बसून काढली.

या पत्रांवर थिसलटनच्या पुतण्याचा, रूपर्टचा, डोळा आहे. तो मागच्या महिन्यात चॉकलेटचा डबा घेऊन आला आणि माझ्या खुर्चीच्या अगदी जवळ बसला.

"बाई, लोकांना गमती हव्यात," तो म्हणाला. "काकांची थट्टा, नट्यांची भांडणं. पुस्तक हातोहात जाईल. फक्त ती एकोणीसशे नऊची पत्रं आपण वगळू."

"का बरं?"

"सर एव्हरार्ड अजून आहेत ना. ऐंशी वर्षांचे झालेत बिचारे. बोर्नमथला पडून असतात."

"माझी बहीण सव्वीस वर्षांची होती," मी म्हटले. "ती कुठे पडून आहे ते विचार."

तो काही बोलायच्या आत बेसीने डबा त्याच्या मांडीवर आदळला. "हे उचल आणि चालायला लाग. नाहीतर हे ओलं फडकं तोंडावर बसेल."

तो गेला. चॉकलेटचा डबा मात्र बेसीने परत काढून घेतला होता. तरीसुद्धा पत्रे मी रूपर्टलाच देते, कारण छापायचा उत्साह त्याच्याशिवाय कोणाला नाही. अट एकच. सहाशे अकराच्या सहाशे अकरा, एक ओळ न गाळता, छापली पाहिजेत. एकोणीसशे नऊची पहिल्याने. त्यांत माझी अब्रू जात असली तरी. त्याने एक वर्षात तसे कबूल केले नाही, तर जे सार्वजनिक वाचनालय आधी हो म्हणेल त्याला टोपलीसकट द्यावीत आणि कोणीही येऊन वाचावीत.

कलम ५. ती पत्रे कशाबद्दल आहेत हे इथे लिहिते, म्हणजे उद्या कोणी ती जाळली तरी कागद उरेल.

कॉन्स्टन्स, म्हणजे कॉनी, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. तिला मी वाढवले आणि मीच नाटकात आणले. ऑर्फियनचे मालक आणि मुख्य नट सर एव्हरार्ड मॉक्सन. कंपनीत त्यांना सगळे नुसते मालक म्हणत. मालकांचा एक हट्ट होता, रंगमंचावरचा मार खरा पाहिजे. "खोटी थप्पड शेवटच्या रांगेलाही कळते," असे ते म्हणायचे आणि खरी थप्पड पहिल्या तालमीपासून द्यायचे. एका नटाचा कान त्यांनी कायमचा बहिरा केला. एका मुलीची फासळी मोडली आणि तिच्या आईला फुले पाठवली. कॉनीच्या दंडांवर आणि गळ्यावर रोज बोटांचे वळ असत. बेसी तेव्हा कॉनीची ड्रेसर, म्हणजे तिला कपडे चढवून तयार करणारी बाई, होती. ती ते वळ रंगाने झाकायची आणि मालकांच्या नावाने बोटे मोडायची. एका तालमीत मालकांनी केस धरून ओढले तेव्हा कॉनी त्यांच्या मनगटाला कडकडून चावली.

"मालक, चावाही खराच हवा ना?" असे म्हणून ती हसली. सगळी कंपनी हसली. मालक हसले नाहीत.

नाटकाच्या अगदी शेवटच्या वाक्याला आमच्यात शेपूट म्हणतात. शेपूट तालमीत बोलायचे नाही, बोलले तर नाटक पडते, ही आमची जुनी समजूत. तालमीत नट त्या जागी काहीतरी पुटपुटतो आणि पडदा पडतो. मालकांनी हे आणखी ताणले होते. ऑर्फियनमध्ये शेपूट प्रॉम्प्टरच्या वहीतही लिहायचे नसे. लेखक ते एका चिठ्ठीवर लिहून फक्त बोलणाऱ्या नटाला देई. आणि शेपटाच्या आधी जो पडदा पाडेल त्याला त्याच दिवशी हाकलून देत.

नाटक थिसलटनचे होते, 'कर्नल वायबर्न यांची पत्नी'. नवे नाटक एका दुपारी करून बघायची तेव्हा पद्धत होती, तसा तो प्रयोग. शेवटी कर्नल बायकोचा गळा दाबतो. म्हातारा बटलर आत येतो, काही दिसलेच नाही अशा थाटात एक वाक्य बोलतो, ते संपले की कर्नल हात सोडतो आणि पडदा. ते वाक्य म्हणजे शेपूट.

गुरुवार, ११ फेब्रुवारी १९०९. दुपारचे साडेचार होत आले होते. मालकांनी कॉनीचा गळा धरला. बटलर झालेला वॉल्टर स्नेल आत आला, तोंड उघडले आणि वाक्य विसरला. तीस वर्षांचा मुरलेला नट, पण जे एकदाही मोठ्याने म्हटलेले नाही ते तोंडात बसणार कसे? तो माझ्याकडे बघू लागला. मी डाव्या विंगेत, पुढ्यात वही, वहीतली ती जागा कोरी. शेपूट कानावर पडल्याशिवाय मालक हात सोडणार नव्हते. कॉनीने टाचा आपटल्या. तिने त्यांचा गाल नखांनी ओरबाडला, रक्त आले. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. स्नेलने घाबरून मनचेच ठोकून दिले, "साहेब, बग्गी आलीय." ते शेपूट नव्हते. मालकांनी हात सोडला नाही. शेवटी मी पडद्याची घंटा दाबली.

अंकाची वेळ मोजायला माझ्या हातात घड्याळ असे. स्नेल अडल्यापासून पडदा टेकेपर्यंत एक मिनिट पन्नास सेकंद झाले होते. पडद्याआड कॉनी उठली नाही. तिच्या गळ्यातले हाड मोडले होते. बेसीने तिचे डोके मांडीवर घेतले आणि "बघ माझ्याकडे, ए, बघ ना," म्हणत तिच्या थोबाडीत मारत राहिली. पलीकडे लोक नटांना पुढे बोलावत होते. मालक गालावरचे रक्त घेऊन पडद्यापुढे गेले आणि वाकून नमस्कार करून आले.

चौकशीत डॉक्टरांनी काळीज कमजोर होते असे सांगितले. मालकांनी सांगितले की मिस कॉन्स्टन्स यांच्या तोंडाला जिनचा वास येत होता. थिसलटनने सांगितले की स्नेलचा भरवसा नसल्यामुळे त्याने शेपूट त्याच दिवशी सकाळी पत्राने मला कळवले होते. मग मला विचारले. मी बायबलवर हात ठेवून सांगितले की ते पत्र मला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाले, आणि हो, माझी बहीण कधीमधी प्यायची. अपघाती मृत्यू असा निकाल झाला. कॉनी दारूला शिवत नव्हती. चौकशी चालवणाऱ्या साहेबांनी मला धीर देत पाणी दिले, ते मी प्यायले.

तीन आठवड्यांनी थिसलटनचे पत्र आले, क्रमांक दोनशे तीन. त्यातले शब्द असे: "मॉक्सन माझ्याकडे येऊन म्हणाला होता, शेपूट चांगलं लांबलचक कर. त्या पोरीला जरा गुदमरू दे, म्हणजे हसायची विसरेल. मी हो म्हटलं, लव्हिनिया. मला त्यात नाट्य दिसलं." हे पत्र गाळून छापलेले पुस्तक मला नको.

कलम ६. माझी कात्री, शेफील्डची, काळ्या मुठीची, सर एव्हरार्ड मॉक्सन यांना द्यावी. ते ती ओळखतील. कॉनीला पुरल्यानंतर चौथ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावले.

"लव्हिनिया, कोर्टात शहाण्यासारखी वागलीस," ते म्हणाले. "तुझी जागा कुठे जात नाही."

त्यांचा डावा हात टेबलावर होता. मी कमरेची कात्री काढली आणि त्या हातातून टेबलात घातली. आत शिरायला वाटते त्याहून जोर लागतो. ते ओरडले नाहीत, आवाजच फुटला नाही त्यांचा. मी म्हटले, "मार खरा पाहिजे, मालक." दुसऱ्या दिवशी पेपरात तालमीतला अपघात म्हणून आले. दोन बोटे कायमची वाकडी राहिली आणि पुढे प्रत्येक नाटकात त्यांना डाव्या हातात मोजा घालावा लागला. याचा मला पश्चात्ताप नाही. मि. हॅडफील्ड यांनी हे वाक्य काढायला सांगितले तर काढू नये.

त्या प्रयोगाला आलेल्या एका टीकाकाराने दुसऱ्या सकाळी लिहिले की मिस ब्रॉकेट यांचे मरण ओढून ताणून केलेले वाटले. तो अजून जिवंत आहे आणि बागकामावर लिहितो. त्याला माझे जुने बूट द्यावेत, न पुसता.

कलम ७. माझ्या आईची सोन्याची साखळी आणि चांदीचा चहाचा संच टपालवाले जॉर्ज विकरी यांची मुलगी मॉड हिला द्यावा. कारण लिहिते. चौकशीनंतर बेसीच्या डोक्यात एकच बसले, की पत्र वेळेवर पोचले असते तर कॉनी वाचली असती. ऑर्फियनच्या गल्लीत पत्रे वाटणारा माणूस विकरी. मार्चमध्ये एका सकाळी बेसीने त्याला थिएटरच्या मागच्या दारात गाठले. हातात कोळशाचे फावडे होते. तो म्हणत होता, "बाई, मी दिलंय हो पत्र, अकराच्या फेरीला दिलंय," आणि ती मारत होती. त्याचा उजवा डोळा गेला. बेसी सहा महिने तुरुंगात होती. तिथे तिचे केस कापले आणि एका पहारेकरणीने तिचे मनगट मोडले, ते अजून थंडीत दुखते. विकरीची नोकरी गेली. पुढे तो दारोदार नाड्या आणि बटणे विकायचा. एकदा माझ्या दाराशीही आला. मी पडद्याआड उभी राहिले आणि दार उघडले नाही. तो १९२२ मध्ये वारला. त्याची मुलगी चेल्सीला धुणी धुते.

थिसलटननेही त्या दिवसापासून टपालखात्याला शिव्या देणे सोडले नाही. पंचवीस वर्षे, जवळजवळ प्रत्येक पत्रात एक ओळ. त्याने लग्न केले नाही.

कलम ८. आता ते लिहिते.

विकरी खरे बोलत होता. पत्र अकराच्या टपालाने आले. दारावरच्या माणसाने ते माझ्या हातात दिले आणि मी ते वहीच्या टेबलाशी उभी राहून तेव्हाच वाचले. ते पत्र, क्रमांक दोनशे दोन, पाकिटासकट याच टोपलीत तळाशी आहे. पाकिटावर सकाळच्या सव्वानऊचा शिक्का आहे.

पत्र दोन परिच्छेदांचे आहे. दुसऱ्यात शेपूट आहे आणि "स्नेल अडला तर तू आहेसच, माझा दुसऱ्या कोणावर विश्वास नाही," असे आहे. पहिल्यात असे आहे की नाटक चालो न चालो, ईस्टरनंतर तो आणि कॉनी लग्न करणार आहेत. कॉनीला मला सांगायची लाज वाटते, म्हणून तो सांगतो आहे. मला आनंद होईल याची त्याला खात्री आहे.

मी तेरा वर्षे त्याची पत्रे उशाशी घेऊन झोपत होते. त्याने मला कधी शब्द दिला नव्हता, हे खरे. पण दोनशे पत्रे कोण कोणाला उगाच लिहितो, असे मी धरून चालले होते. मी चाळीस वर्षांची होते. मी कॉनीच्या वेण्या घातल्या होत्या, तिचे दात पडले तेव्हा ते मी जपून ठेवले होते, आणि त्या दिवशी दुपारी तिने रंगपटातून मला हात केला तेव्हा मी दुसरीकडे बघितले.

स्नेल अडला तेव्हा वाक्य माझ्या जिभेवर होते. वहीतली जागा कोरी होती एवढेच खरे, मला वाक्य पाठ होते. स्नेल माझ्याकडे बघत होता. कॉनीसुद्धा बघत होती, तिचे तोंड माझ्याच बाजूला होते. मी काय विचार केला ते जसेच्या तसे लिहिते. मला वाटले, होऊ दे तिला थोडा त्रास. मरावी असे वाटले नाही. पण लगेच सुटावी असेही वाटले नाही. थोडा वेळ, आणखी थोडा, आता सांगू, असे करता करता तिच्या टाचा थांबल्या. टाचा थांबल्यावर मी घाबरले, आणि घाबरल्यावर जीभच हलेना, म्हणून घंटा दाबली.

मॉक्सनने गळा दाबला, थिसलटनने वाक्य लांबवले, आणि मी गप्प बसले. तिघांत मीच तिची बहीण होते. पुढचे सगळे खोटे मी हे लपवायला बोलले. कोर्टात पत्र उशिरा आले म्हटले ते यासाठी. ती प्यायची म्हटले तेही यासाठी, कारण मालकांच्या विरुद्ध बोलले असते तर कोण काय जाणत होते याची उलटतपासणी झाली असती. विकरीचा डोळा माझ्यामुळे गेला. बेसीचे सहा महिने माझ्यामुळे गेले. थिसलटनने विचारले, तेव्हा त्यालाही मी टपालाचेच सांगितले.

म्हणून मी याद्वारे शपथेवर जाहीर करते की फेब्रुवारी १९०९ च्या चौकशीत मी दिलेली साक्ष खोटी होती. कॉन्स्टन्स ब्रॉकेट दारू पीत नव्हती. तिला वाचवता आले असते आणि ते माझ्या हातात होते.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी तीन वाजता.

ठरल्याप्रमाणे बेसीला सगळे वाचून दाखवले. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ऐकत होती. कात्रीच्या कलमाला ती हसली. विकरीच्या कलमाला तिने मनगट चोळले. आठवे कलम संपले. मग तिने पाकीट मागितले, उजेडात धरून शिक्का वाचला आणि टेबलावर ठेवले.

"वाक्य काय होतं?" तिने विचारले.

"बेस, आता कशाला?"

"पत्रात बघून नको. पाठ होतं म्हणतेस ना? म्हण."

ते नाटक पुन्हा कधी झाले नाही. ते वाक्य आजवर कोणी मोठ्याने बोलले नव्हते. मी बोलले: "दिवाणखान्यात पाद्रीसाहेब थांबलेत, हुजूर, आणि स्वयंपाकीण विचारते आहे, जेवायला आता किती माणसं धरायची."

बेसी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. "सहा सेकंद," ती म्हणाली. "सहा सेकंदांचं काम होतं, लव्ही."

"हो."

"त्या माणसाला मी मारत होते तेव्हा तो म्हणत होता, दिलंय हो बाई. मला वाटलं, खोटारडा आहे म्हणून आणखी दोन घातले. तू तुरुंगात भेटायला यायचीस तेव्हा केक आणायचीस. आठवतंय? मी म्हणायचे, लव्हीसारखी बाई मिळायची नाही."

मी म्हटले की मला माफी मागायची आहे.

"मग माग की. तिच्याकडे माग, विकरीकडे माग. मला कशाला मध्ये घालतेस?" तिने ॲप्रन काढला, घडी केली. "तुझं घर मला नको. ते तिसरं कलम खोड. माझ्यादेखत खोड."

मी कलम तीन खोडले. घर आणि शिल्लक आता कलम सातमधल्या साखळीबरोबर मॉड विकरी हिला जाईल. बेसीने तिची पेटी भरली आहे. ती साडेपाचच्या गाडीने कँटरबरीला भाचीकडे जाणार आहे. मासे तिने साफ करून झाकून ठेवले आहेत.

सहीसाठी दोन साक्षीदार म्हणून मी शेजारचे बेकर मि. क्रंप आणि त्यांचा भाऊ यांना बोलावले होते. भाऊ आला नाही. मी म्हटले, उद्या करू. बेसी कोट घालून दाराशी उभी होती. तिने विचारले की तिला का सही करता येत नाही. मी सांगितले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, मि. हॅडफील्ड यांनी तसे बजावले होते.

"आता मला काही मिळतंय का?"

"नाही."

"मग आण ती लेखणी. उद्यापर्यंत तू हे फाडशील, मला ठाऊक आहे तुझं. तीन फाडलीस ना?" ती खुर्ची ओढून बसली. "तू सही कर आधी. मी बघतेय."

मार्गेट येथे, सन १९३७ च्या ऑक्टोबर महिन्याच्या सहाव्या दिवशी, दोन्ही साक्षीदारांच्या समोर आणि त्यांच्या नजरेखाली मी सही केली:

लव्हिनिया मेरी ब्रॉकेट

आमच्या समोर सही झाली, आणि तिच्या व एकमेकांच्या समोर आम्ही सह्या केल्या:

१. अर्नेस्ट क्रंप. धंदा: बेकरी. पत्ता: एकोणीस, कोबर्ग टेरेस, मार्गेट.

२. बेसी टॉपली. धंदा: मिस कॉन्स्टन्स ब्रॉकेट यांची ड्रेसर. पत्ता: इथला नाही.